अपेक्षा ऊर्फ मृणालिनी

घोडपदेवात कुणी काळजी करण्याची स्पर्धा भरवली असती, तर अपेक्षा घाडीला पहिलं बक्षीस मिळालं असतं, आणि ते घ्यायला ती स्टेजवर चढली नसती. पायरी मोडली तर? माइकचा शॉक बसला तर? बक्षीस चुकून दुसऱ्या कुणाचं असलं आणि उद्या परत मागायला आले तर?

अपेक्षा परळच्या एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दाढ काढायला आलेली माणसं तिच्याकडून नंबर घेतात, तिचा चेहरा बघतात आणि आपलं काही खरं नाही असं समजून बाकावर गप्प बसतात. डॉक्टर एकदा म्हणाले, "अपेक्षा, पेशंटकडे बघून जरा हसत जा. इथे कुणी मरत नाही." दुसऱ्या दिवशी ती हसली. ते हसू बघून एक आजोबा कवळीचं माप न देताच उठून गेले. तेव्हापासून डॉक्टरांनी तो विषय सोडून दिला.

तिच्या बऱ्याचशा काळज्या हवेतल्या असायच्या. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, चाळीचा जिना आज पडेल की उद्या. पण एक काळजी मात्र खरी होती आणि ती आठ वर्षांची होती. तिचं नाव मनू. मनूला दमा होता. हवा बदलली, शेजाऱ्यांनी मिरच्या भाजल्या, गणपतीत धूप जास्त झाला, की मनूची छाती वाजायला लागायची. मग तोंडात धरून ओढायचा औषधाचा पंप. तो पंप कानाशी धरून खुळखुळवायचा आणि आत किती औषध उरलं असेल याचा अंदाज घ्यायचा, ही अपेक्षाची सवय झाली होती. दवाखान्यात काउंटरवर बसल्या बसल्यासुद्धा तिचा हात पर्समध्ये जायचा. पर्समध्ये एक जादा पंप असायचाच. निदान असायला हवा होता.

आणि पंप विकत आणायचा तर पैसे लागतात. इथे निलेश येतो.

निलेश पेडणेकर हा तिचा नवरा, लालबागचा. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसावर नीट रागावता तरी येतं. निलेश सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. मंडळाच्या डेकोरेशनला खिळे ठोकायला हा, मित्राच्या बहिणीच्या लग्नात जिलबी वाढायला हा, रक्तदानाच्या शिबिरात पहिल्या खाटेवर आडवा हा. फक्त स्वतःच्या घरात काही आणायचं म्हटलं की त्याच्या हाताला मुंग्या यायच्या. एकदा मनूच्या औषधाला काढून ठेवलेले पैसे त्याने ढोलपथकाच्या ॲडव्हान्सला दिले. "देतो ना परत, पळून चाललोय का?" असं म्हणून तो तालमीला गेला. तो पळून गेला नाही. अपेक्षाच मनूला घेऊन घोडपदेवला बापाकडे आली. त्याला आता तीन वर्षं झाली.

कोर्टानेही निलेशचं "देतो ना" दोन-तीन तारखांना ऐकून घेतलं. मग मॅजिस्ट्रेट मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्याच्या "देतो"वर अवलंबून राहायचंच नाही असं ठरवलं. निलेश एका सरकारी महामंडळात नोकरीला. मॅडमनी महामंडळालाच हुकूम दिला: दर महिन्याला याच्या पगारातून मुलीच्या खर्चाची रक्कम आधी कापा आणि थेट बायकोच्या खात्यात भरा. पैसे निलेशच्या हाताला लागायलाच नकोत. मुंग्या येण्याचा प्रश्नच मिटला.

निदान अपेक्षाला तसं वाटलं. महिना संपला, पैसे आले नाहीत. तिने मनाला सांगितलं, सरकारी काम आहे, पहिल्या महिन्यात घोडं अडतंच. दुसरा महिना संपला. मोबाइल किणकिणला की ती दचकायची, बघायची, तर कुणीतरी तिला कर्ज द्यायला टपलेलं असायचं. शेवटी भीत भीत तिने निलेशला फोन लावला.

"निलेश, ते पैसे..."

"कसले पैसे? कापले ना माझे! दोन महिने कापतायत. इथे चहावाला मला बघून पातेलं झाकून ठेवतो, आणि तू पैसे विचारतेस?"

"पण आले नाहीत रे."

"आले नाहीत म्हणजे? तुझ्या त्या वकिलीणबाईने खाल्ले असतील."

"तिला तर आपण फीसुद्धा देत नाही. ती सरकारने दिलेली, फुकट."

"मग तर नक्कीच तिनेच खाल्ले!"

पाच मिनिटांत त्याने पगाराच्या पावतीचा फोटो पाठवला. 'कोर्ट वसुली' अशी ओळ होती, समोर आकडा होता. निलेश चक्क खरं बोलत होता. निलेशने पैसे दिले नाहीत याची काळजी कशी करायची हे तिला पाठ होतं. निलेशने पैसे दिले आहेत आणि ते पोचत नाहीत, ही काळजी तिने आजवर कधी केलेली नव्हती. तिला ती पहिल्यापासून शिकावी लागली.

"वाटेत मुरले," अप्पा म्हणाले. अप्पा म्हणजे तिचे वडील, दत्ताराम घाडी. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका गोदामावर वॉचमन होते, आणि आता त्याच निष्ठेने चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून घराची राखण करायचे. सेल्समन, कुत्री, उमेदवार, कुणीही अप्पांना ओलांडून आत गेलेलं नव्हतं. "सरकारी पैसा म्हणजे बर्फाचा खडा. हातोहात जातो आणि शेवटच्या हाताला नुसता ओलावा. तू जा त्या ऑफिसात. ठणकावून विचार."

ठणकावून विचारायचं म्हणून अपेक्षाने अर्ध्या दिवसाची रजा घेतली, देवाला नमस्कार केला आणि फोर्टात महामंडळाच्या वेतन शाखेत जाऊन अर्धा तास दाराबाहेर उभी राहिली. शेवटी आतल्या एका बाईलाच तिची दया आली. टेबलावर पाटी होती, संघमित्रा अशी, आणि कागदांचे गठ्ठे एवढे की बाई त्यांच्या मधल्या फटीतून बोलत होत्या.

"या, बसा. कुणाकडे आलात?"

"निलेश पेडणेकर. त्यांच्या पगारातून... मी त्यांची बायको. म्हणजे होते. म्हणजे कागदावर आहे अजून."

संघमित्राबाईंनी फाइल काढली, पानं उलटली आणि मान हलवली. "कागदावर तर मृणालिनी आहे."

अपेक्षाला लगेच सगळं कळलं. निलेशने दुसरं लग्न केलं! कुणाला पत्ता लागू दिला नाही! ही मृणालिनी कोण, कुठली, मनूच्या वाट्याचे पैसे हिला चाललेत की काय, तिला मूलबाळ आहे का, एवढा सगळा संसार तिने एका श्वासात मांडला. आणि मग तिला आठवलं. मृणालिनी तीच होती.

तीन वर्षांत, कोर्ट सोडलं तर, तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. त्याआधीही हाक मारणारं एकच माणूस, तिची सासू, तेही नाव आखूड करून. लग्नात नवरीचं नाव बदलायचं, ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, ही रीत पेडणेकरांकडे होती. लग्नाच्या हॉलमध्ये निलेश लिहायला बसला आणि कुणीतरी बाजूचा उभा पंखा चालू केला. तांदूळ उडायला लागले. नाव अर्धं उमटायचं आणि पुसलं जायचं. शेवटी नव्या नवरीने स्वतःच ताटाभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरला, तेव्हा कुठे तिचं नाव बदलून झालं. सगळे हसले. तीही हसली होती. तांदूळ सांडले म्हणून अपशकुन तर नाही ना, ही काळजी करत करत.

पुढे रेशनकार्डावर ती मृणालिनी झाली. मनूच्या जन्मदाखल्यावर आई मृणालिनी लागली. आधारकार्ड आणि बँकेचं खातं मात्र लग्नाआधीचं, अपेक्षा दत्ताराम घाडी. आज करू, उद्या करू, यात बदलायचं राहून गेलं. कोर्टात अर्ज लिहिताना वकीलबाईंनी नवऱ्याच्या घरचा एखादा कागद मागितला. हिने रेशनकार्ड दिलं. त्यावरून अर्ज मृणालिनीच्या नावाने झाला, हुकूम मृणालिनीच्या नावाने निघाला. मॅडमनी भर कोर्टात विचारलं होतं, "तुम्हीच का मृणालिनी?" नाही म्हटलं तर मॅडम चिडतील, या भीतीने अपेक्षाने मान डोलावली होती.

"अहो, मीच ती," अपेक्षा म्हणाली.

"तुम्हीच असाल. मला पटतंय," संघमित्राबाई म्हणाल्या. "पण ताई, मला पटून काय करू? ऑडिटला पटायला हवं. हुकमात बाई एक, बँकेच्या खात्यावर बाई दुसरी. उद्या खरी मृणालिनी येऊन उभी राहिली तर मी तिला काय सांगू?"

"खरी मृणालिनी नाहीच आहे हो!"

"असं म्हणू नका, मग तर पैसे कुणालाच देता येणार नाहीत." बाईंनी चहा मागवला. माणूस भला होता, म्हणूनच अपेक्षाला आणखी भीती वाटली. भल्या माणसाला जे जमत नाही, ते कुणाला जमणार? "पैसे कुठे गेलेले नाहीत. कापले, आणि अनामत म्हणून बाजूला ठेवलेत. तुम्हाला दोनदा रजिस्टर पत्र पाठवलं, नावाचा खुलासा करा म्हणून. दोन्ही परत आली. 'या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.' आता मार्चअखेरीला आम्ही या रकमा अशा लटकत ठेवत नाही. तोवर कोर्टाचा दुरुस्तीचा हुकूम आणा. नाहीतर ज्याच्या पगारातून कापले, त्याच्याच पगारात परत जमा होतील."

"निलेशच्या?"

"नियमच आहे."

घरी जाताना बसमध्ये अपेक्षाला एक नवीनच विचार सुचला, आणि तो सुचला नसता तर फार बरं झालं असतं. कागदोपत्री मनू ही मृणालिनीची मुलगी. मग अपेक्षा मनूची कोण? कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कुणीच नाही." त्याने घंटी मारली आणि पुढे गेला. असले प्रवासी त्याला रोज भेटत असावेत.

अप्पा गॅलरीतच होते.

"अप्पा, माझं रजिस्टर पत्र आलं होतं का हो?"

"तुझं? छे."

"मृणालिनी नावाने?"

"हां, ते! आलं होतं ना. दोनदा." अप्पा खुर्चीत ताठ झाले. "मी पोस्टमनला चांगला झापला. म्हटलं, या घरात कोणी मृणालिनी-बिणालिनी नाही. माझ्या मुलीचं नाव अपेक्षा. जन्माला आली तेव्हा मी स्वतः ठेवलंय. कोणी ताटभर तांदूळ सांडले म्हणून ते बदलत नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा तर त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं."

अपेक्षाने आत जाऊन मनूचा पंप कानाशी धरला. मनू म्हणाली, "आई, कालच बघितलास ना? एका दिवसात काय नवीन वाजणारे?" मग अपेक्षाने बाहेर येऊन अप्पांना सगळं सांगितलं. अप्पांनी ऐकलं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू बारा वर्षं राखण केलेल्या गोदामाची चावी आपल्याच धोतराला लटकलेली असताना चोर आत शिरून गेला. त्या संध्याकाळी एक सेल्समन सरळ त्यांना ओलांडून चाळीत गेला. अप्पांनी त्याला हटकलंसुद्धा नाही.

वकीलबाईंचं नाव रुचा. वयाने लहान, वेगाने बोलायची, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "टेन्शन नका घेऊ" म्हणायची. हे वाक्य तिने अपेक्षाला म्हणणं म्हणजे माशाला पोहू नको सांगणं होतं. "दुरुस्तीचा अर्ज टाकू. साधी गोष्ट आहे. समोरच्याचं म्हणणं घ्यावं लागतं, तेवढंच. त्याने 'हरकत नाही' लिहून दिलं की त्याच दिवशी काम होतं. टेन्शन नका घेऊ."

"आणि हरकत घेतली तर?"

"मग पुढची तारीख. ती एप्रिलमध्ये पडेल, मग मे महिन्याची सुट्टी... टेन्शन नका घेऊ."

म्हणजे गोष्ट पुन्हा निलेशच्या हातात. ज्या हाताला मुंग्या येतात त्याच हातात. पैसे परत त्याच्याच पगारात जाणार हे त्याला कळलं, तर तो "हरकत नाही" कशाला लिहील? आणि त्याला कळणारच. लालबागात एखादी गोष्ट कुणाला कळू नये म्हणून काय करावं, याचा शोध अजून लागलेला नाही.

तीन रात्री विचार करून अपेक्षा एका दुपारी सासूकडे गेली. कमल पेडणेकर दारातच बसून आमसुलं निवडत होत्या. सुनेला पाहून त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"कोण? मुना? इलंस? पोर खंय?" मृणालिनी हे नाव त्यांनी मोठ्या हौसेने ठेवलं, पण रोजच्या वापरासाठी त्याचं मुना करून टाकलं होतं.

"शाळेत गेलीय, आई."

"जेवलंस?"

"नको, मी जरा..."

"नको कोणी इचारला? जेवलंस काय ता इचारतंय."

मग बांगड्याची कढी आणि भात. अपेक्षाने घास मोडत मोडत सगळं सांगितलं, शब्द जपून, जणू दात दुखणाऱ्या पेशंटला सुई दाखवते आहे. नाव दुरुस्त करायचं आहे एवढं ऐकल्यावर कमलबाईंचा हात थांबला.

"म्हणजे नाव काढूक इलंस."

"तसं नाही, आई."

"तसाच ता. माझ्या झिलान तुका काय दिल्यान? काय्येक नाय. ह्यां एक नाव मी दिलेला, ता पण तू परत करतंस."

हे नाव आलं कुठून, हे अपेक्षाला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. कमलबाई तरुणपणी फणसवाडीत एका घरी पोळ्या करायला जात. त्या घरच्या बाईंचं नाव मृणालिनी. बाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि दारावर नवऱ्याच्या पाटीशेजारी त्यांची स्वतःची वेगळी पाटी, पितळेची. कमलबाई रोज सकाळी पोळ्या करायच्या आधी आपल्या पदराने ती पाटी पुसून घ्यायच्या, कुणी सांगितलेलं नसताना. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, आपल्या सुनेचं नाव हेच. तिच्याही दारावर पाटी लागेल.

"लागली काय पाटी?" कमलबाई स्वतःलाच म्हणाल्या आणि आमसुलांकडे वळल्या. निलेशला सांगते, समजावते, ओरडते, यातलं काहीच बोलल्या नाहीत. अपेक्षा निघाली तेव्हा त्यांनी मनूसाठी खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या. वड्यांचा अर्थ होकार की नकार, हे अपेक्षाला घोडपदेव येईपर्यंत ठरवता आलं नाही.

तारखेच्या दिवशी ती कोर्टात वेळेच्या एवढी आधी पोचली की झाडूवाल्याने तिला दोनदा पाय वर करायला सांगितलं. पर्समध्ये दुसरा पंप नव्हता. जुना, दोन दिवसांपूर्वी संपलेला, तसाच पडून होता. नवीन आणायचे पैसे पगार झाल्यावर, आणि मनूला सरकारी इस्पितळातून एक मिळाला होता तो शाळेच्या दप्तरात. आज वर्गात खडूची धूळ उडाली तर?

निलेश आला तो मंडळाचा टी-शर्ट घालूनच. मागून कमलबाई, ठेवणीतली साडी नेसून. सासू कुणाच्या बाजूने आली होती?

रुचाने अर्जाचा कागद पॅसेजमधल्या लाकडी बाकावर ठेवला. "निलेशजी, तुमचं म्हणणं इथे लिहा. हरकत नाही, आणि खाली सही."

"आणि हरकत असली तर?"

"तर तसं लिहा. तारीख पडेल."

निलेशने पेन घेतलं, टोपण काढलं आणि दातात धरलं. "नाही म्हणजे, स्वप्नील सांगत होता..." स्वप्नील त्याच्या ऑफिसातला दोस्त, मंडळाचा खजिनदार. "एप्रिलला म्हणे ते पैसे परत माझ्या पगारात येतील. आता मी कुठे पळून चाललोय? आले की मीच देतो ना हिला. हातात देतो. कोर्ट कशाला मध्ये?"

अपेक्षाला बोलायचं होतं. बोलायचे सगळे शब्द रात्रभर पाठ केलेले होते. त्यातला एकही आला नाही. तिचा हात सवयीने पर्समध्ये गेला, पंप बाहेर आला आणि कानाशी गेला. तिने तो खुळखुळवला. काहीच वाजलं नाही.

निलेश बघत होता. टोपण दातातून काढून त्याने विचारलं, "संपला?"

"परवा."

"मग मनू?"

"शाळेत एक आहे. सरकारी." "तू देशील रे. मला माहीत आहे तू देशील. फक्त त्या दिवशी ढोलवाला आधी येईल."

निलेश हसायला गेला, पण त्याला हसू जमलं नाही. रुचा पहिल्यांदाच टेन्शन नका घेऊ म्हणाली नाही. आणि कमलबाई? त्या आतापर्यंत कोर्टाच्या दाराशी उभ्या होत्या. तिथे आजच्या केसेसची यादी चिकटवलेली होती. त्या एकेक अक्षर बोटाने लावत वाचत होत्या.

"गो मुना," त्यांनी तिथूनच हाक मारली, सगळा पॅसेज वळून बघेल अशी. "हंय तुझा नाव. मृणालिनी निलेश पेडणेकर. दारार लागला मगो, पाटीवर!"

शिपाई म्हणाला, "आजी, हळू. कोर्ट चालू आहे."

"चालांदे. माझ्या सुनेचा नाव आसा." कमलबाई आपल्या लेकाकडे वळल्या. "आणि तू काय पेन चावतंस? लिव."

"आई, तू मध्ये बोलू नको. नाव तूच ठेवलंस ना? आता ही तेच बदलतेय, आणि तू..."

"ठेवलंय मी. तांदळात लिवलंस तू. तेव्हा हिका कोणी इचारला हुता, तुझी हरकत आसा काय ता?" एवढं बोलून त्या क्षणभर थांबल्या, जणू हे त्यांनाही आत्ताच सुचलं होतं. "नाय इचारला. मीव नाय इचारलंय. लिव."

रुचा पुढे झाली. "आजी, तुमचं नाव काढत नाही आहोत आम्ही. 'अपेक्षा ऊर्फ मृणालिनी' असं होणार. दोन्ही राहतील."

अपेक्षा दचकली. ऊर्फ हा शब्द तिने आजवर फक्त पेपरात वाचला होता, आणि ऊर्फ असलेली माणसं बहुतेक फरार असायची. तिने तशी शंका काढायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात निलेशने बाकावर वाकून पेन टेकवलं, आणि वरचा पंखा कुणीतरी वाढवला. कागद फडफडला, पेन घसरलं, रेघ वाकडी गेली.

"थांब," अपेक्षा म्हणाली. तिने पंप बाकावर ठेवला, पुढे होऊन दोन्ही हातांनी कागद धरला आणि वाऱ्याच्या बाजूने आडोसा केला.

निलेशने वर पाहिलं. त्याला लग्नाचा हॉल आठवला की नाही, कोण जाणे. मान खाली घालून त्याने लिहिलं, सावकाश, शाळेतल्यासारखं: अर्जास माझी हरकत नाही. खाली सही केली. मग तिचे हात अजून कागदावर आहेत हे बघून तोही थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला. शेवटी रुचानेच कागद उचलून नेला.

मॅडमनी आत दोन मिनिटांत हुकूम दिला. चष्म्यावरून बघत त्या अपेक्षाला म्हणाल्या, "मागच्या वेळी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही चिडाल असं वाटलं."

"आता चिडलेय," मॅडम म्हणाल्या आणि पुढची केस पुकारली.

आता सगळं झालं असं कुणालाही वाटलं असतं, पण अपेक्षा म्हणजे कुणीही नव्हे. हुकमाची नक्कल कधी मिळेल? मिळाली. वेतन शाखेत संघमित्राबाई रजेवर असतील तर? नव्हत्या. ऑडिटला ऊर्फ चालतं का? चालतं, संघमित्राबाईंनी नियमाचं पान दाखवलं. बँक बंद पडली तर? संघमित्राबाईंनी पुन्हा चहा मागवला.

मार्च सरता सरता, दवाखान्यात एका बाईंना नंबर देत असताना मोबाइल किणकिणला. अपेक्षाने बघितलं. कर्ज देणारे नव्हते. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि डोळ्यांना पाणी आलं.

"खूप दुखतंय का हो?" समोरच्या बाईंनी विचारलं. त्यांचा स्वतःचा गाल टम्म सुजलेला होता.

"नाही हो. जमा झाले."

"काय जमा झालं? पू?"

अपेक्षाला हसू फुटलं. खरंखुरं. आतून डॉक्टर बाहेर येऊन बघून गेले, काय झालं म्हणून. दवाखाना सुटल्यावर ती सरळ औषधाच्या दुकानात गेली आणि पंप घेतला. एक घरी ठेवायला, एक पर्समध्ये. दुकानाच्या पायरीवरच तिने नवा पंप कानाशी धरला. भरलेला पंप कसा वाजतो, हे ती विसरली होती.

घरी आली तर जिन्यात पोस्टमन होता, आणि वर अप्पा खुर्चीतून उठून कठड्याला टेकलेले.

"रजिस्टर आहे," पोस्टमन खालूनच म्हणाला. मागच्या वेळचा अनुभव होता, तो वर यायला तयार नव्हता. "महामंडळाकडून. रक्कम जमा केल्याचं. पण अप्पा, नाव आधीच सांगतो, मग भांडू नका. अपेक्षा ऊर्फ मृणालिनी. राहते का इथे?"

अप्पांनी कठडा धरला. घसा साफ केला. सगळी चाळ ऐकत होती, म्हणजे नेहमीसारखीच.

"राहते," अप्पा म्हणाले. "दोघीही इथेच राहतात. ये वर. सही कुठे करू?"

पोस्टमन वर आला. अप्पांनी सही केली, पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि अपेक्षाच्या हातात दिलं. मग लगेच बजावलं, "पण मी हाक अपेक्षाच मारणार. सांगून ठेवतोय."

"मारा की," अपेक्षा म्हणाली आणि आत जाता जाता थांबली. "अप्पा, पुढच्या महिन्यात निलेशची बदली झाली तर?"